प्रत्यक्ष लिलाव आणि ऑनलाइन लिलाव

लिलाव म्हणजे वस्तूची किंमत आधी न ठरवता इच्छुक खरेदीदारांकडून बोली घेऊन, जाहीर केलेल्या नियमांनुसार सर्वोत्तम बोली लावणाऱ्यास ती वस्तू विकण्याची पद्धत होय. ज्या लिलावात विक्रेता, खरेदीदार आणि माल एका ठिकाणी, एका वेळी हजर असतात त्यास प्रत्यक्ष लिलाव म्हणतात. संगणक किंवा मोबाइलवरून, इंटरनेटच्या माध्यमातून बोली घेतल्या जातात त्यास ऑनलाइन लिलाव किंवा ई-लिलाव म्हणतात. बोलीचे मूळ नियम दोन्ही प्रकारांत बहुधा सारखेच असतात. मोठा फरक पडतो तो बोली लावणाऱ्यास मालाविषयी व प्रतिस्पर्ध्यांविषयी काय दिसते, काय कळते यात. म्हणूनच स्पेक्ट्रमसारख्या काही वस्तूंचे लिलाव सहजपणे ऑनलाइन झाले, तर कांद्यासारख्या मालाच्या बाबतीत हा बदल अद्याप अडखळत होत आहे. प्रस्तुत लेखात हा भेद मुख्यतः शेतमालाच्या, त्यातही नाशिक जिल्ह्यातील कांद्याच्या लिलावाच्या आधारे स्पष्ट केला आहे.

शब्द व प्रकार

मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचे मूळ अरबी आहे. पगार, चावी, बटाटा या शब्दांप्रमाणेच तो मराठीत इतका रुळला आहे की त्याचे परकेपण सहसा जाणवत नाही. गोव्यात लिलावास ‘पावणी’ असाही शब्द आहे. तेथील गावकारी (कोमुनिदाद) संस्थांची शेते आणि मानशीवर, म्हणजे खाजण शेतीच्या बांधातील दारावर, मासे धरण्याचा हक्क पावणीने देण्याची प्रथा जुनी आहे.

बोलीच्या रीतीवरून लिलावाचे काही प्रकार मानतात. चढत्या बोलीच्या लिलावात किंमत वाढत जाते व शेवटचा टिकून राहिलेला खरेदीदार माल घेतो. उतरत्या बोलीच्या, म्हणजे डच पद्धतीच्या लिलावात किंमत वरून खाली येते आणि जो प्रथम थांबवतो त्यास माल मिळतो. बंद लिफाफ्याच्या पद्धतीत कोणालाही दुसऱ्याची बोली दिसत नाही. या पद्धतीचा एक उपप्रकार अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली अभ्यासला. त्यात सर्वाधिक बोली लावणारा जिंकतो, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी देतो. विक्री यांना १९९६ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यक्ष लिलाव : लासलगावचे उदाहरण

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव येथील बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. देशातील कांद्याच्या प्रमुख बाजारपेठांत तिची गणना होते. येथील लिलाव हा प्रत्यक्ष लिलावाचा नमुनेदार प्रकार आहे.

शेतकरी कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा पिकअप वाहनात भरून बाजार आवारात आणतो. वाहने रांगेने उभी केली जातात. लिलाव पुकारणारा आणि त्याच्या मागे व्यापाऱ्यांचा घोळका असा जथा एकेका वाहनापाशी थांबत पुढे सरकतो. व्यापारी कांदा हातात घेतात, आकार व रंग पाहतात, पत्ती सुटली आहे का, मान जाड आहे का, कोंब आला आहे का हे न्याहाळतात. क्विंटलमागे दराचा पुकारा होतो, चढाओढ होते आणि शेवटची बोली ज्याची त्याच्या नावे माल सुटतो. एका वाहनाचा निकाल लागण्यास फार वेळ लागत नाही. वर्षभर उन्हापावसात राबून काढलेल्या पिकाची किंमत अशी थोडक्या वेळात ठरते, आणि त्या वेळी शेतकरी स्वतः ट्रॉलीजवळ उभा असतो.

त्यानंतर भुईकाट्यावर वजन होते आणि माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरवला जातो. खरा वाद पुष्कळदा येथेच उद्भवतो. वर दिसला तसा कांदा तळाशी निघाला नाही, असे म्हणून ठरलेला दर कमी करण्याचा प्रयत्न होतो. शेतकरी जागेवर असल्यामुळे तो हुज्जत घालू शकतो, बाजार समितीकडे दाद मागू शकतो. मात्र परत नेण्याचा वाहनखर्च डोक्यावर असल्याने तो बहुधा तडजोड करतो. लिलावाचा दर पसंत नसल्यास माल न देण्याचा अधिकार त्याला आहे, पण भाड्याची गाडी करून आलेल्या अल्पभूधारकाला हा अधिकार वापरणे परवडतेच असे नाही.

उघड लिलावाची ही पद्धतही सहज रूढ झालेली नाही. पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत होती. तिला हत्ता पद्धत म्हणत. दोन व्यापाऱ्यांच्या हातांत काय ठरले हे मालाच्या धन्याला कळत नसे. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांच्या नियमनाचा कायदा १८९७ साली झाला. महाराष्ट्र राज्याने शेतमालाच्या खरेदी-विक्रीचे नियमन करणारा कायदा १९६३ साली केला आणि बाजार समित्यांतील विक्री उघड लिलावाने करण्याचा दंडक घातला. त्यामुळे बोली सर्वांच्या कानांवर पडू लागली. त्या दृष्टीने पाहता मोठ्याने पुकारलेला लिलाव ही त्या काळची पारदर्शकतेची सुधारणाच होती. आज ऑनलाइन लिलावाच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात, ते तेव्हा उघड लिलावाच्या बाजूने केले जात होते.

ऑनलाइन लिलावाचा उदय

सर्वसामान्य लोकांत ऑनलाइन लिलाव रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील ईबे या संकेतस्थळाला दिले जाते. पियरे ओमिडयार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ते ‘ऑक्शनवेब’ या नावाने सुरू केले. तेथे आरंभी विकल्या गेलेल्या वस्तूंत एक मोडका लेझर पॉइंटर होता आणि तो १४.८३ डॉलरला गेला. मोडकी वस्तू घेणारा ग्राहक एका गावात सापडणे कठीण. साऱ्या देशात शोधल्यास तो मिळतो. ऑनलाइन लिलावाचे मुख्य सामर्थ्य या लहानशा प्रसंगात दिसते.

सरकारी व्यवहारांत हे सामर्थ्य वेगळ्या प्रकारे उपयोगी पडले. भारतात २०१० साली तिसऱ्या पिढीच्या (३जी) दूरसंचार स्पेक्ट्रमचा ई-लिलाव झाला. तो ३४ दिवस चालला, बोलीच्या १८३ फेऱ्या झाल्या आणि सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. देशातील २२ दूरसंचार परिमंडळांसाठी एकाच वेळी बोली लागत होती. कंपन्या प्रत्येक फेरीनंतर आपले गणित पुन्हा मांडत होत्या. हातोडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून असा लिलाव चालवणे व्यवहारात अशक्यच होते.

मालाची पारख

प्रत्यक्ष आणि ऑनलाइन लिलावांतील सर्वांत मोठा भेद मालाच्या पारखीत आहे. समोरच्या मालाला हात लावून, वास घेऊन, चव पाहून जे कळते ते पडद्यावरील छायाचित्रातून कळत नाही. म्हणून ऑनलाइन लिलावात या पारखेच्या जागी दुसरे काहीतरी उभे करावे लागते. ते तीन प्रकारचे असते : मालाचे लेखी वर्णन व प्रतवारी, विक्रेत्याची पत, आणि माल वर्णनाप्रमाणे न निघाल्यास दाद मागण्याची सोय.

स्पेक्ट्रमला प्रतवारी लागत नाही. अमुक मेगाहर्ट्‌झ म्हणजे काय हे प्रत्येक बोलीदाराला सारखेच ठाऊक असते. जुन्या पोस्टकार्डांचे तसे नाही. ईबेवर एका अनुभवी विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डे काही आपल्या नावलौकिक असलेल्या खात्यावरून आणि काही नव्या, अनोळखी खात्यांवरून विकली. संशोधकांनी योजलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सारख्याच प्रकारच्या मालाला नावाजलेल्या खात्यावर खरेदीदार सुमारे ८ टक्के अधिक किंमत देण्यास तयार होते. बाजारात चार पिढ्यांची ओळख जे काम करते, ते येथे ग्राहकांनी नोंदवलेले अभिप्राय करतात. त्या कामाला रोख मोल असते.

कांद्याची अडचण याहून अवघड आहे. एकाच ट्रॉलीत मोठा, मध्यम आणि गोलटी असा मिश्र माल असतो. उन्हाळ कांदा चाळीत किती दिवस टिकेल हे त्याच्या सालीवरून व सुकेपणावरून जाणकार ओळखतो. तेच प्रमाणपत्रावर आकड्यांत लिहिणे सोपे नाही. हळद, सोयाबीन, तूर यांचा ओलावा यंत्राने मोजता येतो, काडीकचऱ्याचे प्रमाण सांगता येते. म्हणून जो माल मोजता येतो त्याचा ई-लिलाव लवकर रुजतो. विद्यार्थ्यांनी हे सूत्र ध्यानात ठेवल्यास पुढील बरीच उदाहरणे आपोआप उलगडतात.

ई-नाम आणि कर्नाटकचा अनुभव

केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी ‘राष्ट्रीय कृषी बाजार’ अर्थात ई-नाम ही योजना ८ राज्यांतील २१ बाजार समित्यांपासून सुरू केली. मे २०२० पर्यंत जोडलेल्या बाजार समित्यांची संख्या १,००० झाली. महाराष्ट्रातील अनेक बाजार समित्या तिच्यात आहेत.

या पद्धतीत मालाची नोंद प्रवेशद्वारावर होऊन त्यास लॉट क्रमांक मिळतो. नमुना काढून तपासला जातो, त्याचे निष्कर्ष संगणकावर चढवले जातात आणि व्यापारी ठरावीक वेळेत बोली लावतात. सर्वोच्च बोली शेतकऱ्याला मान्य नसेल तर तो ती नाकारू शकतो. वजनानंतर रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी अशी योजना आहे. दूरच्या राज्यातील व्यापाऱ्याने घरबसल्या बोली लावावी हा मूळ हेतू होता. परंतु त्या व्यापाऱ्याचा नमुना तपासणीवर भरवसा बसला पाहिजे, वाहतुकीची सोय पाहिजे, आणि माल पोहोचल्यावर तक्रार उद्भवली तर ती कोणी मिटवायची हे ठरलेले पाहिजे. या तीन गोष्टी जेथे कमकुवत आहेत तेथे बोली संगणकावर पडते, पण लावणारे व्यापारी त्याच आवारातले असतात आणि संगणकासमोर बसण्याआधी ढिगाजवळ जाऊन माल पाहून येतात. अशा लिलावास नावापुरताच ऑनलाइन म्हणावे लागेल.

तरीही बदलाचा उपयोग होत नाही असे म्हणता येणार नाही. कर्नाटकाने ई-नामच्या आधीच, २०१४ पासून, आपल्या बाजार समित्या एका ऑनलाइन मंचावर आणल्या. तेथे बोली बंद स्वरूपाची असते. मुदत संपेपर्यंत व्यापाऱ्याला आपली बोली वाढवता येते, पण दुसऱ्याची दिसत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या बदलानंतर भाताचा प्रचलित दर ५.१ टक्के, भुईमुगाचा ३.६ टक्के आणि मक्याचा ३.५ टक्के वाढला. सर्व पिकांना मात्र असा लाभ दिसला नाही.

जमाव, संगनमत आणि खंड

प्रत्यक्ष लिलावात बोलीदार एकमेकांना पाहतात. याचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. जाणकार व्यापारी मागे हटला की इतरही सावध होतात. ही माहिती उपयोगी असली तरी त्याच ओळखीतून संगनमतही जन्मते. रोज त्याच आवारात भेटणाऱ्या दहा-बारा व्यापाऱ्यांनी ‘आज हा लॉट तुझा, उद्या तो माझा’ असे ठरवले, तर उघड लिलावाचा केवळ देखावा उरतो. ऑनलाइन लिलावात बोलीदाराचे नाव झाकता येते, त्यामुळे असा करार पाळला गेला की मोडला गेला हे एकमेकांना तपासणे कठीण होते. अर्थात मोबाइल फोनवरून आधीच ठरवून घेण्यास कोणतीही प्रणाली रोखू शकत नाही. खरेदीदारांची संख्या वाढणे हाच त्यावरचा विश्वसनीय उपाय होय.

जमावाची आणखी एक बाजू ग्रंथांत फारशी येत नाही. प्रत्यक्ष लिलाव बंद पाडता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लिलाव ठप्प झाले. त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी झाली तेव्हाही शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी लिलाव बंद पाडले. दर कोसळले की शेकडो शेतकरी एकाच आवारात असतात आणि त्यांचा राग तत्काळ सामूहिक रूप घेतो. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर बोली नाकारणे आणि सर्वांनी मिळून आवाराचे दार लावणे यांचा परिणाम एकसारखा नाही. उलटपक्षी व्यापाऱ्यांनीही बहिष्कार टाकून लिलाव रोखल्याची उदाहरणे आहेत, आणि त्याचा फटका नाशवंत माल घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला बसतो.

शेवटची घटका

पुकाऱ्याच्या लिलावात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणेपर्यंत कोणीही बोली वाढवू शकतो. नवी बोली आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे लिलाव घड्याळ पाहून संपत नाही, बोली थांबल्यावर संपतो. ईबेने मात्र निश्चित वेळेला लिलाव संपवण्याचा नियम केला. परिणामी पुष्कळ बोलीदार अखेरच्या काही सेकंदांत बोली टाकू लागले, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्यास अवधीच मिळू नये.

अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावांशी केली. ॲमेझॉनवर अखेरच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढत असे. तेथे उशिरा बोली लावण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. ईबेवर संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावात उशिराच्या बोली अधिक होत्या. याचे एक स्पष्टीकरण असे, की पुराणवस्तूचा पारखी लवकर बोली लावतो तेव्हा ही वस्तू अस्सल आहे हे तो नकळत साऱ्यांना सांगून बसतो. म्हणून तो अखेरपर्यंत गप्प राहतो. भारतातील बँका व शासकीय संस्थांच्या ई-लिलावांत आता साधारणपणे अखेरच्या बोलीनंतर काही मिनिटांची स्वयंचलित मुदतवाढ ठेवली जाते. एका अर्थी जुन्या पुकाऱ्याचा ‘तीन वार’ हा नियमच संगणकावर परत आला आहे.

संमिश्र रूपे

दोन पद्धतींमधील सीमारेषा सर्वत्र स्पष्ट नाही. कलकत्त्यात चहाचे लिलाव १८६१ पासून होत आले आहेत. आता भारतातील चहाचे लिलाव इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतात, पण नमुने आधीच खरेदीदारांकडे पाठवून चव पाहण्याची प्रथा कायम आहे. वेलदोड्याच्या ई-लिलावासाठी केरळातील पुट्टडी आणि तमिळनाडूतील बोडिनायकनूर येथे केंद्रे आहेत. तेथे खरेदीदार एका दालनात संगणकापुढे बसतात व माल हाताळून बोली लावतात. पुकारा बंद झाला, पण माणसे व नमुने जागेवरच राहिले. नेदरलँड्‌समधील आल्समेर येथील फुलांचा लिलाव उतरत्या किमतीच्या घड्याळावर चालत असे. तेथील खरेदीदार पुढे दालन सोडून दूरवरून घड्याळ थांबवू लागले, कारण फुलांची प्रतवारी दीर्घकाळात विश्वासार्ह झालेली होती.

क्रिकेटमधील एक उदाहरण बोलके आहे. इंडियन प्रीमियर लीगच्या खेळाडूंचा पहिला लिलाव फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत झाला, आणि खेळाडूंचे लिलाव आजही संघमालकांना एका दालनात बसवूनच होतात. त्यांचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण होते. चुरस हाच त्यातील विक्रीचा माल आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. याउलट त्याच स्पर्धेचे प्रसारण हक्क जून २०२२ मध्ये ई-लिलावाने ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. तेथे प्रेक्षकांची गरज नव्हती.

कायदेशीर बाजू

भारतात लिलावाने होणाऱ्या विक्रीस मालविक्री अधिनियम, १९३० मधील कलम ६४ लागू होते. हातोडा पडल्यावर किंवा तत्सम रूढ रीतीने विक्री जाहीर झाल्यावर ती पूर्ण होते आणि तोपर्यंत बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो. विक्रेत्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क उघडपणे राखून ठेवला नसेल तर त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी बोली लावणे बेकायदा आहे. किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावल्यास खरेदीदार ती विक्री रद्द ठरवून घेऊ शकतो. ऑनलाइन लिलावात अशा बनावट बोली दुसऱ्या नावाच्या खात्यावरून लावणे सोपे असते. मात्र प्रत्येक बोलीची वेळेसह नोंद राहत असल्याने ती नंतर शोधणेही तुलनेने सोपे जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १०-अ मुळे केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार अवैध ठरत नाही.

थकीत कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेल्या घरांचे व जमिनींचे लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात आणि ते आता बहुतांशी ऑनलाइन असतात. बोलीदाराला आधी अनामत रक्कम भरावी लागते. यशस्वी बोलीदाराने त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढील दिवशी एकूण किमतीच्या २५ टक्के रक्कम, अनामत धरून, आणि उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून सामान्यतः १५ दिवसांत भरायची असते. न भरल्यास आधीची रक्कम जप्त होते. या लिलावांच्या जाहीर नोटिशीत मालमत्ता ‘जे आहे जेथे आहे’ व ‘जे आहे जसे आहे’ या तत्त्वाने विकली जाईल असे छापलेले असते. जुने वीजबिल, सोसायटीची थकबाकी किंवा आत राहणारा भाडेकरू यांचा भार त्यामुळे खरेदीदारावर येऊ शकतो. बोली घरबसल्या लावता येत असली, तरी याच नोटिशीत मालमत्ता पाहण्याची तारीख व वेळही दिलेली असते.